पहिला दिवस धरून

अकोल्याच्या जुन्या शहराच्या टोकाला आमची कॉलनी आहे. गेल्या मे महिन्यात तिथं जे घडलं त्याबद्दल लोक अजून माझ्याकडे बोट दाखवतात. दाखवू देत बापडे. बोट दाखवायला पाणी लागत नाही.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो. पाचव्या म्हणजे आजचा दिवस धरून पाचव्या. रविवारी आला की पुढचा गुरुवारी. पहाटे साडेपाचला येतो आणि सव्वासहाला जातो. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे ऐकून आमची दया येते. तेवढं काही नाही, माणसाला सगळ्याची सवय होते. आमच्या कॉलनीत मुलीचं जुळलं की गुरुजी दोन-तीन मुहूर्त काढून देतात आणि त्यातला कोणता घ्यायचा हे नळ ठरवतो.

पूर्वी नळ आल्याची वर्दी पार्बताबाई द्यायच्या. वय पंचाहत्तर, एकट्या राहतात, घर कोपऱ्यावर. पाण्याचा व्हॉल्व्ह त्यांच्या ओसरीसमोरच आहे. वॉलमन गुलाम नबी सायकल टेकवून लोखंडी चावी फिरवायला लागला की ‘पाणीऽऽ’ म्हणून एक हाळी द्यायचा, आणि पार्बताबाई पितळी थाळी पळीनं बडवायच्या. सगळी कॉलनी अंथरुणातून उडायची. मी गणिताचा शिक्षक. एकविसाव्या शतकात थाळीच्या तालावर बादली घेऊन धावणं मला अपमानास्पद वाटायचं. माझा पायजमा एकदा भर गल्लीत बादलीत अडकला होता, त्याचा या मताशी संबंध नाही.

तर दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरबसल्या प्रोग्रामिंगचा सहा आठवड्यांचा कोर्स केला आणि ‘जलवार्ता’ नावाचा प्रोग्राम लिहिला. नळ येऊन गेला की संध्याकाळी मी एक कळ दाबायची. मग प्रोग्राम पुढचा दिवस मोजायचा आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पुढील जलागमन अमुक वारी’ असा निरोप टाकायचा.

“पाचव्या दिवशी येते हे सांगाले कम्प्युटर काहून लागते?” आमची चंदा म्हणाली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण माझ्या एकाही कामाचं तिनं सरळ तोंडानं कौतुक केलेलं नाही. “पाच बोटं आहेत ना तुमाले?”

बोटं सगळ्यांनाच असतात, पण मोजायला कोण बसतं? आणि खरं सांगायचं तर दिवस मोजण्याचं काम माझा प्रोग्रामही स्वतः करत नव्हता. त्यासाठी तयार लायब्ररी मिळते. म्हणजे कुणीतरी आधीच लिहून, जगासाठी फुकट ठेवलेला प्रोग्राम. तो आपल्या प्रोग्रामात घालायचा. शेजारून चमचाभर विरजण आणून आपलं दही लावावं, तसंच. अशा लायब्रऱ्या पुष्कळ होत्या, पण बाकीच्या सगळ्या आजचा दिवस सोडून मोजायच्या. ही एकटीच पहिला दिवस धरून मोजायची, अगदी आपल्याकडे बारसं मोजतात तशी. लिहिणारा कुणी परदेशी होता, पण मला तो घरचा वाटला.

वर्षभर जलवार्ता एकदाही चुकली नाही. मला चौकात लोक नमस्कार करू लागले. मग मी सुधारणांचं दुसरं पर्व हाती घेतलं. कॉलनीच्या सभेत ठराव मांडून पार्बताबाईंची थाळी बंद केली, कारण ध्वनिप्रदूषण. गुलाम नबीला सांगितलं की आता हाळी द्यायची गरज नाही. आणि नळाच्या तोट्या उघड्या ठेवून पाण्याची नासाडी करू नये, त्या बंद ठेवाव्यात, असं पत्रक काढलं. वर्षभरात कॉलनीतलं एकही माणूस बोटं मोजेनासं झालं. पार्बताबाई तेवढ्या सभेतून उठून जाताना म्हणाल्या होत्या, “मास्तर, थाळी माही आहे. तुमी म्हणानं तवा नाई वाजत, अन् तुमी म्हणानं तवा वाजनबी नाई.” मी ते म्हातारपणाच्या खात्यावर टाकलं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी संगणकाच्या पडद्यावर एक चौकट आली. लायब्ररीत किरकोळ सुधारणा झाली आहे, बसवू का? चार दशांश दोन दशांश एकच्या जागी चार दशांश दोन दशांश दोन. त्या जगाचा रिवाज असा, की पहिला आकडा बदलला तर घर हलवायची तयारी ठेवायची, मधला बदलला तर थोडं जपून, आणि शेवटचा बदलला तर डोळे मिटून हो म्हणायचं. मी डोळे मिटून हो म्हटलं. डॉक्टर ‘किरकोळ ऑपरेशन’ म्हणतात तेव्हा आपण सावध होतो. संगणकाच्या बाबतीत तेवढी अक्कल अजून आलेली नाही.

रविवारी नळ आला. संध्याकाळी मी कळ दाबली. निरोप गेला: पुढील जलागमन शुक्रवारी. मी वाचलासुद्धा. वाचून ‘छान’ म्हणालो आणि चहा मागवला.

अर्ध्या तासात शेजारचे किसनराव आले. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि माणूस एरवी शांत, पण त्या दिवशी चपला न काढताच आत आले. त्यांची सीमा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिचं अमरावतीच्या कुलदीपशी जमलं होतं. तोही त्याच धंद्यात. पण कुलदीपला कंपनीनं अचानक तीन महिने परदेशी पाठवायचं ठरवलं. येत्या शनिवारी विमान. मुलाच्या आईचं, माणिकबाईंचं, म्हणणं पडलं की साखरपुडा त्याआधी झाला तर झाला. नाहीतर पुढचं पुढं पाहू. “पुढचं पुढं पाहू म्हणजे काय ते तुमाले समजते ना, केशवराव?” किसनरावांनी घाम पुसला. “तिकडं नांदगाव खंडेश्वरची एक डॉक्टर पोरगी सांगून आलेली आहे त्याईले.”

“मुलगा कसा आहे?” मी विचारलं.

“लाख माणूस. नोकरी करून वरतून जगभराच्या प्रोग्रामाईत फुकट दुरुस्त्या करून देते म्हणे. बायोडेटात लिवलं आहे.” फुकट दुरुस्ती करणारा जावई अकोल्यात कुणाला नको असतो? “आता सांगा, गुरुजी म्हणते गुरुवारबी चालते, शुक्रवारबी चालते. दीडशे पान आहे, दारातच मांडव टाकतो. नळ कवा आहे?”

“शुक्रवारी.”

“पक्कं?”

“किसनराव,” मी चष्मा काढून म्हणालो, “संगणक आहे तो.”

हे वाक्य आता कॉलनीत म्हणीसारखं वापरतात. दूध नासलं, पोरगं नापास झालं, की लगेच कुणीतरी चष्मा काढल्यासारखं करून म्हणतं, संगणक आहे तो.

गुरुवारी पहाटे साडेपाचला गुलाम नबी आला. मी सांगितल्याप्रमाणे त्यानं हाळी दिली नाही. मी पत्रक काढल्याप्रमाणे सगळ्यांच्या तोट्या बंद होत्या. मी ठराव केल्याप्रमाणे थाळी वाजली नाही. कॉलनीच्या इतिहासात माझं इतकं तंतोतंत कुणी कधी ऐकलं नव्हतं. पाऊण तास पाणी आमच्या उशाखालून वाहत होतं आणि आम्ही घोरत होतो. फक्त पार्बताबाई जाग्या होत्या. त्यांनी दोन ड्रम, सिमेंटची टाकी, घंगाळ, आणि लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या भरून घेतल्या.

आता यापुढचं जे झालं ते बाहेरच्या माणसाला पटणार नाही. आमच्याकडे उद्या नळ असला की आज घरातलं पाणी संपवायचं असतं. शिळं पाणी ठेवून त्यावर ताजं ओतणं हे कुठल्याही शहाण्या बाईला मंजूर नाही. त्यामुळे गुरुवारी दुपारपासून कॉलनीत पाण्याची दिवाळी सुरू झाली. चंदानं तीन गोधड्या धुतल्या. किसनरावांनी मांडवाच्या दोनशे खुर्च्या धुऊन घेतल्या आणि गल्लीत सडा मारला. त्यांचे वलगावचे मामा आले होते. त्यांनी ऊन फार म्हणून दोनदा आंघोळ केली. संध्याकाळी घरोघर ड्रम आडवे करून, आत शिरून घासून, पालथे घालून ठेवलेले. सगळं लख्ख होतं. कूलरच्या टाक्या सोडल्या तर थेंब म्हणून कुठं उरला नव्हता.

शुक्रवारी साडेपाचला सगळ्यांनी तोट्या उघडल्या. नळातून एक सुस्कारा आला. मग काहीच नाही. पावणेसहाला लोक गल्लीत आले. सव्वासहाला ते माझ्या दारात आले.

सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला, नळाला तोंड लावून ओढा, लाइनीत हवा अडकली असेल. एकानं खरंच ओढून पाहिलं आणि दिवसभर तो तोंडात गंजाची चव घेऊन फिरला. वलगावचे मामा म्हणाले, विहीर खणा. किसनराव नुसते माझ्याकडे बघत होते, आणि ते बघणं मला फार लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी स्कूटर काढून पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं रजिस्टर उघडलं. “तुमच्याकडे काल आलं ना. साडेपाच ते सव्वासहा. तक्रार निरंक.”

“पण आम्हाला कळलंच नाही.”

“पाणी आलं नाही, याचा फॉर्म आहे आमच्याकडे,” बाबू सहानुभूतीनं म्हणाला. “पाणी येऊन गेलं, याचा नाही.”

“मग टँकर द्या.”

“टँकरचा अर्ज दोन दिवस आधी. पाणी न आल्याच्या फॉर्मची पोच जोडून.” मग त्यानं चौकशी केली, “तुम्हीच का ते, नळाचा दिवस ग्रुपवर टाकता? साहेब मागं विचारत होते. दिवस आम्ही स्वतः लेखी कधी सांगत नाही, तुम्ही कोणत्या अधिकारात सांगता?” मी नाव न सांगता बाहेर पडलो.

दारातच गुलाम नबी भेटला. मी त्याच्यावर उखडलो. एक आवाज द्यायला काय झालं होतं?

“सर, आपही बोले थे ना, गुलामभाई, अब चिल्लाना नहीं, मशीन बोलेगी,” तो शांतपणे म्हणाला. “मैं तो खडा रहा दो मिनट. बोला, देखें मशीन क्या बोलती.”

शेवटी एका खासगी टँकरवाल्याला तिप्पट भावात पटवलं. तो साडेअकराला आलाही. पण गल्लीच्या तोंडाशी किसनरावांचा मांडव उभा होता, आणि मांडवाच्या खांबांमधून टँकर जात नाही हे मांडववाल्यालाही माहीत होतं आणि टँकरवाल्यालाही. दोघांची थोडा वेळ बाचाबाची झाली. मग टँकरवाल्याला दुसऱ्या लग्नाचा फोन आला आणि तो पाण्यासकट निघून गेला. जाताना त्याच्या टाकीतून गळणारी धार रस्त्याच्या वळणापर्यंत दिसत होती. मी ती शेवटपर्यंत पाहिली.

बाराला अमरावतीच्या गाड्या आल्या. मुहूर्त पावणेतीनचा होता म्हणून जेवणं आधी. प्यायच्या पाण्याचे बारा जार आणले होते. त्यातले आठ आचाऱ्यानं वरणभातात घातले आणि उरलेल्या चारांवर किसनरावांची बायको पहारा देत बसली. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की कॉलनीतल्या सगळ्या कूलरांच्या टाक्यांतलं पाणी काढा. अठरा कूलर रिकामे झाले. त्या पाण्यात पहिल्या पंगतीचे पाय धुतले, वाळ्याचा मंद वास सुटला, आणि मग पंचेचाळीस डिग्रीत अठरा कूलर गरम वारा फेकू लागले.

आणि जेवायला आमरस होता.

आमरस करायचा निर्णय किसनरावांचा, त्यात माझा हात नाही. पण दीडशे माणसं आमरस खाऊन उठली आणि हात धुवायला कुठं जायचं हे कुणालाच कळेना. कागदी रुमाल पहिल्या पंगतीतच संपले होते. काहींनी वर्तमानपत्राला हात पुसले. पत्र फाटून बोटांना चिकटलं. अमरावतीकडची चांगली घरंदाज माणसं कोपरापर्यंत पिवळे हात अंगापासून लांब धरून, बोटांवर कालच्या बातम्या घेऊन, मांडवात उभी होती. माश्यांना ही बातमी आमच्या ग्रुपपेक्षा लवकर पोचली.

मी घरात लपून बसलो होतो, हे मान्य करतो. तेवढ्यात एक उंच, सावळा मुलगा पिवळे हात वर धरून दारात आला. मागं सीमा होती. “काका, मी कुलदीप. सीमा म्हणाली तुमचा काही प्रोग्राम चुकलाय. बघू का? फक्त कळा तुम्ही दाबा, माझे हात असे आहेत.”

मी संगणक लावला. मोजणी उघडली. त्यानं वाकून पाहिलं. “काका, तुमचं काही चुकलेलं नाही. ही लायब्ररी... जरा खाली घ्या. किरकोळ सुधारणांची यादी उघडा.”

यादीत एकच ओळ होती. मोजताना पहिला दिवस धरण्याची जुनी चूक दुरुस्त केली. आणि त्याखाली दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, आडनाव, गाव अमरावती.

कुलदीपच्या हातावरचा आमरस टपकन माझ्या गालिच्यावर पडला. “मला चूकच वाटली होती,” तो हळूच म्हणाला. “जगात कुठंच पहिला दिवस धरत नाहीत, काका. मला वाटलं, कोण वापरत असणार असं.”

मी वापरत होतो. माझ्या मनात जे आलं ते सांगतो, लपवत नाही. आधी अतोनात आनंद झाला. चूक माझी नव्हती, चूक अमरावतीची होती! पुरावा समोर होता, साक्षीदार होता, आणि मांडवात दीडशे पंच पिवळ्या हातांनी उभे होते. मी संगणक उचलून बाहेर निघालोच.

मांडवात माणिकबाई उभ्या होत्या. अंगावर पैठणी, आणि पैठणीच्या पदराला आमरसाचा पंजा. त्यांच्या बाजूला किसनराव हात जोडून उभे होते. “एक दिवसाचं पाणी सांभाळता येत नाही ज्याईले, त्याईच्या घरी पोरगा द्याचा कसा?” माणिकबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा विचारत होत्या. “आमच्या अमरावतीले असं होत नाई. मले एवढं सांगा, हे झालं कोनाच्या चुकीनं?”

किसनरावांची मान खाली होती. मी मागं वळून पाहिलं. दारात कुलदीप पांढराफटक होऊन उभा होता, आणि सीमाचे डोळे माझ्यावर होते. ही पोरगी माझ्याकडे सातवीत त्रैराशिक शिकली आहे. संगणक माझ्या हातात होता, फक्त पडदा फिरवायचा होता.

“माझ्या,” मी म्हणालो. “प्रोग्राम माझा, चूक माझी. किसनरावांचा यात काही दोष नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच.”

“मोजता येत नाई तं मोजावं कशाले!” माणिकबाई म्हणाल्या. मी मान हलवली. पंचवीस वर्षं गणित शिकवल्यावर हे ऐकून घ्यायला किती लागतं, ते माझं मला माहीत.

तेवढ्यात कोपऱ्यावरून थाळी वाजली. वर्षभरानं तो आवाज ऐकून दीडशे पाहुणे दचकले आणि आमची कॉलनी जागच्या जागी ताठ झाली. पार्बताबाई ओसरीवर उभ्या होत्या. मागं भरलेले दोन ड्रम आणि टाकी.

“मले मालूम होतं काल नळ आहे,” त्या मला म्हणाल्या. “बाळाचं बारसं बाराव्या दिवशी करता, तवा जलमला तो दिवस धरत नाई काय? मंग नळाले काहून सोडता? पण मले कोनी इचारलं? थाळी त तुमी ठरावात बांधून ठेवली.”

“चुकलं, पार्बताबाई.”

“थाळी वाजन आता. दर नळाले.”

“वाजेल.”

“मंग घ्या बादली. हात तुमीच धुवून द्या सगळ्याईचे.”

आणि मी, गणिताचा शिक्षक, खांद्यावर पंचा टाकून, बादली-तांब्या घेऊन, दीडशे माणसांच्या हातांवर पाणी घालत मांडवभर फिरलो. तिसऱ्या माणसाच्या वेळी बघतो तर पलीकडच्या रांगेत कुलदीप दुसरी बादली घेऊन तेच करत होता. नवरदेवाला कोण अडवणार? मान वर न करता तो एकेकाचे हात धुऊन देत होता. वलगावच्या मामांना भरून आलं. “असा जावई पाह्यला नाई बावा,” ते म्हणाले. माणिकबाईंचा आवाज तेव्हापासून उतरला. मुलाचं इतकं कौतुक चाललेलं असताना कुठल्या आईला भांडण पुढं न्यायचं सुचेल?

पावणेतीनला अंगठ्या झाल्या. सीमानं कुलदीपच्या बोटात अंगठी घालायच्या आधी हात थांबवला. मी जवळच होतो, बादली घेऊन, म्हणून मला ऐकू आलं. “एक सांगते. यापुढं काही बदललं तं आधी सांगायचं. किरकोळ असलं तरी.”

“सांगीन,” कुलदीप म्हणाला.

खरं तर गोष्ट इथं संपायला हवी होती.

विमानात बसायच्या आधी कुलदीपनं मला फोन केला. “काका, प्रोग्राममध्ये एक दिवस वजा करायचा जुगाड अजिबात करू नका. मी लायब्ररीतच जुना नियम परत आणतो. आज जुगाड केलात तर उद्या माझी दुरुस्ती आली की तो उलटा पडेल.” मला हे पटलं. तोवर जुनी आवृत्ती परत बसवून पाहावी म्हणून मी एक रविवार घालवला. ती म्हणाली मला आणखी एक जुनी लायब्ररी लागते, ती म्हणाली मला त्याहून जुनी. मी हात टेकले आणि ग्रुपवर सूचना टाकली: ‘तात्पुरते: जलवार्तेतील दिवसातून एक दिवस वजा करून वाचावे.’

पण जुना नियम परत आणणं सोपं नव्हतं. त्या लायब्ररीचे कारभारी जगभर विखुरलेले सात-आठ जण. त्यांच्यापुढं अर्ज गेला. नॉर्वेच्या एका गृहस्थानं विचारलं, पहिला दिवस धरण्याची गरज काय? कुलदीपनं बारशाची माहिती लिहिली. त्यावर बेचाळीस शेरे आले. ब्राझीलच्या एका पाववाल्यानं कळवलं, की नव्या नियमावर त्यानं पिठाचं वेळापत्रक बसवलंय, आता जुना आणाल तर त्याचे पाव फसतील. आमच्या पाणी कार्यालयाला मी उगाच नावं ठेवली, असं वाटू लागलं.

इकडे कॉलनीचं सुरळीत चाललं होतं. निरोप यायचा शनिवारचा, लोक शुक्रवार समजायचे. नव्या भाडेकरूलाही घरमालक पहिल्या दिवशी हेच सांगायचे: वीजबिल अमुक तारखेला, कचरागाडी आठला, मास्तरांचा नळ आदल्या दिवशी. पार्बताबाई तेवढ्या बोटं मोजायच्या आणि नळ आला की थाळी वाजवायच्या. मी मात्र सुधारणेची ती चौकट दिसली की धास्तावायचो. म्हणून एक दिवस तिच्यात खूण करून ठेवली, की मला पुन्हा विचारू नकोस, काय सुधारायचं ते परस्पर सुधारत जा. रक्तदाबाला तेच बरं, असं मला वाटलं.

मग पोळा आला. मंगळवारी नळ आला होता, मी कळ दाबली होती, निरोप शनिवारचा होता. कॉलनीनं एक वजा केला आणि शुक्रवार काढला. पोळ्याच्याच दिवशी ताजं पाणी म्हणून बायका खुशीत होत्या. गुरुवारी संध्याकाळी रीतीप्रमाणे सगळ्यांनी ड्रम घासून पालथे घातले. शुक्रवारी पहाटे तोट्या उघडल्या. नळांनी सुस्कारा टाकला. थाळी वाजली नाही.

सात वाजता अख्खी कॉलनी माझ्या दारात होती. घरोघर पुरणाची डाळ कोरडी पडून होती. “माझी चूक नाही,” मी शपथ घेऊन सांगत होतो, “मी कशालाही हात लावलेला नाही.” चंदा दारातूनच लोकांना म्हणाली, “तेच तं सांगते मी. हे हात लावो का न लावो, होते तेच.”

तेवढ्यात किसनरावांच्या दारात गाडी थांबली. परदेशातून दोन दिवसांपूर्वी परतलेला कुलदीप पोळ्याच्या पुरणपोळीला आला होता. हातात पेढ्यांचा डबा, तोंडावर विजय. तो सरळ माझ्याकडे आला.

“काका, जिंकलो! सोमवारी रात्रीच जुना नियम परत लागू झाला. तुमच्याकडे आपोआप बसलाही असेल. आता तुमची जलवार्ता अगदी बरोबर!”

सीमा ओट्यावर आली होती. “कुलदीप,” ती म्हणाली, “आपलं काय ठरलं होतं?”

“सांगायलाच तं आलो,” तो डबा पुढं करत म्हणाला.

किसनराव जावयाला काही बोलू शकत नव्हते, म्हणून ते माझ्याकडे वळले. “केशवराव, तुमी चुकत होते, आमी काही म्हणत होतो काय? सारी कॉलनी तुमच्या चुकीले धरून बसली होती. आता हे मधातच बरोबर व्हायचं तुमाले कोनं सांगितलं होतं?”

पार्बताबाई गर्दीतून वाट काढत आल्या. थाळी आणली नव्हती. दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या होत्या. त्यांनी एक माझ्यासमोर ठेवली, एक जावयासमोर, आणि आपल्या भरलेल्या ड्रमांकडे बोट दाखवलं.

“घरटी दोन,” त्या म्हणाल्या. “पहिलं घर धरून.”